40.5 युनिटची बॅटरी, 3.3 केव्हीएचे तोंड

40.5 युनिट. टाटा नेक्सॉन ईव्हीच्या 2023 मधल्या मोठ्या बॅटरीची ही क्षमता. इन्व्हर्टरची 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरची बॅटरी 1.8 युनिट साठवते. म्हणजे एका गाडीत अशा 22 बॅटऱ्या. 2024 मध्ये त्याच गाडीत 45 युनिटची बॅटरी आली. वर्षभरात 11 टक्के वाढ.

मीरा-भाईंदर भागातल्या चेणे गावातले एक घर या गाडीच्या विजेवर चालते असे धरू. घराचा वापर महिन्याला 240 युनिट, दिवसाला 8. वीस टक्के वीज प्रवासासाठी राखली आणि दहा टक्के रूपांतरात गेली, तर 40.5 पैकी 29 युनिट हाती राहतात. साडेतीन दिवसांची सोय. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. काही भागांत ती रात्रीपर्यंत आली नव्हती. बारा तास अंधार धरला तरी या घराला 4 युनिट लागले असते. 29 पैकी 14 टक्के.

साठा पुरतो. अडते ते बाहेर काढताना. नेक्सॉनमधून एका वेळी घेता येणारी वीज 3.3 केव्हीए. फ्रिज, पंखे, दिवे, वाय-फाय मिळून 1 किलोवॅटच्या आत बसतात. दीड टनाचा एसी (दीड किलोवॅट) आणि गिझर (2 किलोवॅट) एकत्र लावले की मर्यादा ओलांडली.

जपानमध्ये निसानने 2012 मध्ये लीफ गाडी घराच्या वायरिंगला जोडली. बॅटरी 24 युनिटची, नेक्सॉनपेक्षा 41 टक्के लहान. घराला मिळणारी वीज मात्र 6 किलोवॅट, जवळपास दुप्पट. फरक गाडी आणि घराच्या वायरिंगमधल्या यंत्राचा. नेक्सॉनमधून निघते ती उपकरणांसाठीची वायर. ती घरातल्या प्लगमध्ये उलटी खोचणे जीवघेणे आहे: वीज मीटरमधून बाहेरच्या तारेत जाते आणि तिथे लाइनमन काम करत असतो. मधे चेंजओव्हर स्विच हवाच.

टॉवरमध्ये गणित आणखी बदलते. लिफ्ट आणि पाण्याचा मोठा पंप सहसा थ्री-फेजवर चालतो, गाडी देते सिंगल-फेज. 40.5 युनिट पार्किंगमध्ये, फ्रिज सातव्या मजल्यावर. अंगण असलेल्या बैठ्या घराला हेच अंतर दहा मीटर वायरचे.