साथीची वर्दी

साथीच्या रोगाशीं मनुष्याचा जो झगडा चालतो, त्यांत औषधाच्या आधीं वार्तेचा क्रम लागतो. रोग कोठें, कोणास व केव्हांपासून झाला हें जोंवर कळत नाहीं, तोंवर उत्तम औषधहि भांडारांतच पडून राहतें. मुंबईच्या मांडवी भागांत १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत डॉ. आकासियो व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे रोगी ओळखले व तसें वरिष्ठांस कळविलें. पण रोग त्यापूर्वींच शहरांत शिरलेला होता. पुढील वर्षीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. कायद्यानें सरकारला अधिकार दिले. वार्ता आपोआप येऊं लागली असें मात्र झालें नाहीं.

याचा प्रत्यय शंभर वर्षांनीं पुन्हां आला, आणि तो मराठवाड्यांतच आला. किल्लारीच्या भूकंपाला एक वर्षहि पुरें झालें नव्हतें, तोंच १९९४ च्या ऑगस्टांत बीड जिल्ह्यांतील मामला या खेड्यांत उंदीर मरूं लागले व पिसवांचा उपद्रव वाढला. सप्टेंबरांत माणसांना गाठी आल्या. त्याच महिन्यांत सुरत शहरांत फुप्फुसाच्या प्लेगची हाकाटी झाली, लक्षावधि लोक शहर सोडून निघाले आणि कित्येक देशांनीं हिंदुस्थानशीं विमानवाहतूक थांबविली. उंदीर मेल्याची वर्दी देण्यास वैद्यकशास्त्र यावें लागत नाहीं. उणीव ही होती कीं, खेड्यांतील असल्या बारीक खुणा रोजच्या रोज एकत्र करून त्यांचा अर्थ लावणारी कायमची व्यवस्था देशांत नव्हती.

ती उभारण्यास १९९७-९८ मध्यें आरंभ झाला, आणि नोव्हेंबर २००४ मध्यें जागतिक बँकेच्या साह्यानें ‘एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम’ सुरू झाला. त्याचा कारभार साप्ताहिक असे. सोमवार ते रविवार असा आठवडा धरून आंकडे कागदावर मांडावयाचे आणि पायरीपायरीनें वर पाठवावयाचे. पटकीला आठवडा म्हणजे फार मोठा अवधि. म्हणून २०१८ च्या अखेरीस सात राज्यांत, व ५ एप्रिल २०२१ पासून सर्व देशांत, ‘एकात्मिक आरोग्य माहिती मंच’ या नांवाची संगणकीय व्यवस्था आणण्यांत आली. पूर्वीं १८ रोगांची नोंद होत असे, ती या व्यवस्थेंत ३३ रोगांवर गेली.

हें काम प्रत्यक्ष कसें चालतें तें मराठवाड्याच्याच एका लहान जिल्ह्यावरून पाहतां येईल. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा नागनाथ व वसमत असे त्याचे पांच तालुके आहेत. औंढ्याचें ज्योतिर्लिंग व नर्सी नामदेव येथें यात्रेकरूंची दाटी होते; आणि दाटी झाली कीं पाण्याची व स्वच्छतेची चिंता आलीच.

समजा, पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यांत कळमनुरी तालुक्यांतील एखाद्या गांवीं चार घरांत जुलाब सुरू झाले. उपकेंद्राची आरोग्यसेविका घरभेटीस गेली असतां तिला हें कळतें. रोगाचें नांव ठरविणें हें तिचें काम नव्हे. सात दिवसांच्या आंतील ताप, त्याहून जुना ताप, खोकला, पाण्यासारखे जुलाब, कावीळ, लहान मुलाच्या हातापायांतील बळ एकाएकीं जाणें, अशीं लक्षणें तिला नेमून दिलेलीं आहेत. कोणत्या गांवीं कोणत्या लक्षणाचे किती रोगी, त्यांत पांच वर्षांखालील मुलें किती, एवढें ती आपल्या मोबाईलवर भरते. हा ‘एस’ नमुना. प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी रोग्यास तपासून ज्या रोगाचा संशय येतो तो ‘पी’ नमुन्यांत लिहितो, आणि प्रयोगशाळेनें शौचाची किंवा रक्ताची परीक्षा केल्यावर जें सिद्ध होतें तें ‘एल’ नमुन्यांत जातें. लक्षण, संशय व सिद्धता अशा या तीन पायऱ्या आहेत. यांची गल्लत न होऊं देणें यांतच या योजनेचें शहाणपण आहे. कारण वर्तमानपत्रांत गल्लत होते ती नेमकी येथेंच, आणि दहा जणांच्या जुलाबांची पटकी होण्यास एक मथळा पुरतो.

पूर्वींच्या कागदांत केवळ आंकडे असत. आतां ‘पी’ व ‘एल’ या नमुन्यांत प्रत्येक रोग्याची स्वतंत्र नोंद त्याच्या पत्त्यासह होते, आणि नोंद करतांच ती जिल्ह्याच्या सर्वेक्षण अधिकाऱ्याला, पुण्यामुंबईच्या अधिकाऱ्यांना व दिल्लीलाहि एकाच वेळीं दिसूं शकते. गांव नकाशावर उमटतें. नेहमीच्या मानानें संख्या फाजील वाढली तर यंत्र आपण होऊन इशारा देतें. नकाशाचा हा उपयोग नवा नव्हे. लंडनच्या सोहो भागांत १८५४ सालीं पटकीनें माणसें मेलीं, तेव्हां डॉ. जॉन स्नो यांनीं मृत्यूंच्या जागा मांडून दोष एका पंपाच्या पाण्याकडे असल्याचें दाखविलें. त्यांना त्यासाठीं दारोदार हिंडावें लागलें होतें. कळमनुरीच्या त्या गांवीं इशारा मिळतांच पथक जातें, पाण्याचे नमुने घेतें, आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकानें विहिरींत टी.सी.एल. पावडर टाकली होती कीं नाहीं हें तपासतें. यंत्राचें काम इशाऱ्यापाशीं संपतें. विहिरींत पावडर माणसालाच टाकावी लागते.

या व्यवस्थेविषयीं सुशिक्षितांत एक भ्रम मात्र दिसतो. नकाशावर जेथें ठिपके अधिक तो भाग रोगट, व जेथें कमी तो निरोगी, असें सहज समजलें जातें. वास्तविक ठिपके अधिक असण्याचें कारण तेथील सेविका कामसू आहे एवढेंच असूं शकेल. म्हणूनच रोगी नसल्यास ‘शून्य’ असें लिहून पाठविण्याचा दंडक आहे. शून्य म्हणजे पाहिलें व आढळलें नाहीं. रिकामी जागा म्हणजे पाहिलेंच नाहीं. प्रामाणिकपणें अधिक आंकडे देणाऱ्या केंद्राला जर वरून कानपिचक्या मिळाल्या, तर पुढील वर्षीं त्या केंद्राकडून सुबक शून्यें येऊं लागतील, आणि मग कितीहि वेगवान यंत्र असलें तरी तें तीं शून्येंच वेगानें दिल्लीस पोंचवील.

दुसरी खिंड खासगी दवाखान्यांची. तापाचा रोगी पुष्कळदां प्रथम खासगी डॉक्टरकडेच जातो, आणि त्या डॉक्टरकडून नोंद आली नाहीं तर सरकारच्या लेखीं तो रोगी जन्मलाच नाहीं. क्षयाच्या बाबतींत २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाहि वर्दी देणें आवश्यक केलें गेलें, व त्यासाठीं ‘निक्षय’ ही स्वतंत्र व्यवस्था त्याच वर्षीं निघाली. इतर रोगांत अद्याप पुष्कळसें डॉक्टरांच्या इच्छेवर अवलंबून राहतें.

रोगी व त्याचे आप्त यांच्याकडेहि थोडें काम उरतेंच. हिंगोलीकडील माणूस मोठ्या उपचारासाठीं नांदेडला जातो, तेथें नातलगाकडे उतरतो, आणि दवाखान्यांत पत्ता विचारला असतां सोयीसाठीं त्या नातलगाच्याच घराचा पत्ता सांगतो. मुलगा पुण्यास शिकत असला व सुटींत गांवीं आजारी पडून परतला तर पुण्याच्या खोलीचा पत्ता लिहिला जातो. नकाशावर ठिपका नांदेडांत किंवा पुण्यांत उमटतो. तेथील कर्मचारी त्या गल्लींतील नळ तपासून येतात, आणि कळमनुरीकडील ज्या विहिरीचें पाणी तो प्याला, तिच्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां घागरी लागतात.