बांधांवांचून हद्द : लॅक्स्टन गांवची हकीकत

महसूल खात्यांतील आमच्या कारकुनीच्या काळांत आमच्या हातांखालून जे कागद गेले, त्यांत बांध कोरल्याच्या तक्रारींएवढे चिवट कागद दुसरे नव्हते. वीतभर जमिनीपायीं सख्खे भाऊ मोजणीचे अर्ज करीत, हद्दीचे दगड रात्रींतून जागा सोडीत, आणि जमिनीच्या मोलाहून अधिक पैसा तालुक्याच्या खेपांत जाई. म्हणून इंग्लंडांतील लॅक्स्टन या लहानशा खेड्याची हकीकत वाचनांत आली, तेव्हां ती शेतकरी बंधूंपुढें मांडावी असें आम्हांस वाटलें. तेथील मोठ्या शेतांत बांधही नाहींत आणि कुंपणेंही नाहींत. तरीही ज्याची त्याची हद्द शाबूत आहे.

हें गांव नॉटिंगहॅमशायर परगण्यांत आहे. सन १०८६ मध्यें विल्यम राजानें जी जमीन-पाहणी करविली, तिच्या दप्तरांत याचें नांव सांपडतें. उत्तरेस एका जुन्या गढीचा मातीचा उंचवटा अद्याप उभा आहे. पण गढ्या त्या देशांत पुष्कळ आहेत. लॅक्स्टनची ख्याति शेतांची आहे.

मध्ययुगांत मध्य इंग्लंडांतील बहुतेक खेड्यांची जिराईत दोनतीन अफाट शेतांत विभागलेली असे. प्रत्येक कुळाच्या वाट्यास एक सलग तुकडा न येतां सर्व शेतांत विखुरलेल्या लांबट पट्ट्या येत. त्यामुळें चांगली व हलकी माती सर्वांस मिळे; आणि दरसाल एक शेत पड ठेवलें तरी कोणी उपाशी मरत नसे. पीक निघाल्यावर धसकटांवर सर्वांचीं गुरें चरत. अर्थात् कोणीं केव्हां काय पेरावें हें एकट्याच्या मर्जीवर नव्हतें.

पुढें ही रीत मोडली. सन १६०४ ते १९१४ या काळांत पार्लमेंटानें ५,२०० हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणांत घातली. मोठ्या खातेदारास सलग जमीन मिळाली, सुधारणेस वाव मिळाला, हें खोटें नव्हे. परंतु ज्याची एक गाय सामाईक कुरणावर जगत होती, त्याचें काय झालें हें सांगावयास नको.

लॅक्स्टनमध्यें कांहीं जमीन कुंपणांत गेली, तरी पश्चिमेचें, दक्षिणेचें व गिरणीचें अशीं तीन शेतें वांचलीं. सन १६३५ मध्यें मार्क पिअर्स नांवाच्या मोजणीदारानें केलेला गांवचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत आहे. त्यांत पट्टी न् पट्टी दाखविली असून नांगरणी-कापणीचीं चित्रेंही काढलीं आहेत. आमच्या नजरेखालून गेलेल्या एकाही नकाशांत असा हौशी हात आम्हीं पाहिला नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. नोव्हेंबराच्या अखेरीच्या सुमारास गांवचे पंच, आपल्यांतून निवडलेल्या म्होरक्यासह, नव्यानें गहूं पेरलेल्या शेतांत पायीं फिरतात. पट्ट्यांच्या हद्दी पाहून तेथें खुंट ठोकतात. कोणाचा नांगर रस्त्यावर किंवा सामाईक गवताच्या पट्टीवर सरकला असेल, तर त्याची नोंद करतात. आठवड्यानें गांवच्या खाणावळींत सभा भरते, जमीनमालकाचा कारभारी अध्यक्ष होतो, अपराध्यास दंड होतो आणि पुढील वर्षाचे पंच शपथ घेतात. दंड थोडा असतो. पण तो शेजाऱ्यांसमक्ष भरावा लागतो. आमच्या मतें खरी जरब तीच. शिवाय आज दंड करणारा स्वतः त्याच शेताचा खातेदार असल्यामुळें उद्यां त्याच्याही पट्टीवर पंच येणार असतात.

हें जुनें तें सोनें म्हणून जसेंच्या तसें ठेवलें आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. विसाव्या शतकाच्या आरंभीं बारीक पट्ट्या जोडून मोठ्या करण्यांत आल्या. आपल्याकडील १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्याचा हेतु स्मरणांत असलेल्यांस याचें मर्म लगेच कळेल. गांव १९५२ मध्यें सरकारच्या शेतकी खात्यानें मॅनव्हर्स सरदाराकडून विकत घेतलें. १९८१ मध्यें तें राजघराण्याच्या मिळकतीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाकडे गेलें. आणि २०२० मध्यें थोर्सबी इस्टेटीनें, म्हणजे पूर्वीच्या मालकांच्याच वंशानें, परत घेतलें. इतके मालक बदलले, तरी हिंवाळ्यांत चिखल तुडवीत खुंट ठोकावयास जाणारे गांवचेच खातेदार राहिले.