हवा प्रदूषणाचे सांख्यिकीय प्रतिमान : डिचोली व पेडणे तालुक्यांच्या संदर्भात

हवेतील प्रदूषणाची पातळी उत्सर्जन व हवामान या दोहोंवर ठरते. त्यांचे परिणाम वेगळे करणे हे सांख्यिकीय प्रतिमानाचे मुख्य कार्य होय.

डिचोलीचे उदाहरण घेऊ. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाचे उत्खनन थांबले. परंतु पावसाळ्यात धूळ धुऊन जाते व हिवाळ्यात पुन्हा वाढते. म्हणून त्या वर्षीच्या ऑगस्टची डिसेंबरशी नुसती तुलना केल्यास खाणबंदीमुळे धूळ वाढली, असा विपरीत निष्कर्ष निघू शकतो. पाऊस, वारा व तापमान ही चलेही समाश्रयण समीकरणात घेतली, तरच बंदीच्या परिणामाचा विश्वसनीय अंदाज येतो.

ओझोनचे गणित निराळे आहे. जमिनीलगतचा ओझोन थेट धुरातून येत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे व बाष्पनशील सेंद्रिय संयुगे यांपासून तो सूर्यप्रकाशात तयार होतो. वाहनांच्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड मात्र त्याचा नाश करतो. त्यामुळे गजबजलेल्या चौकापेक्षा वाऱ्याच्या दिशेने दूर असलेल्या गावात तो अधिक आढळू शकतो. पेडणे तालुक्यात मोपा येथून २०२३ मध्ये विमानसेवा सुरू झाली; तेथे केवळ रस्त्याकडेला मापन करून भागणार नाही.

विद्यार्थ्यांना सरासरी शिकवताना आकडा कोणत्या ऋतूतला व कोणत्या जागेवरचा, हे आधी विचारण्याची सवय लावावी.