गुडघे दुखतात, म्हणून आजी घरीच?

सातारा जिल्ह्यातील खंडाळ्याहून खोपोलीजवळच्या इमॅजिकाला (सुरुवात २०१३) सहल निघाली, की गुडघे दुखणारी आजी बहुधा घरीच राहते. तशी गरज नसते. झिजलेल्या गुडघ्यांना थोडे चालणे, थोडे बसणे सोसते. दिवसभराची पायपीट आणि रांगेत ताटकळणे जड जाते. म्हणून चाकाची खुर्ची मिळेल का, हे आधीच फोन करून विचारावे. वाटेत दर तासा-दीड तासाने उतरून पाय मोकळे करावेत. फार वेळ बसून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. ठिसूळ हाडे, हृदयविकार किंवा मणक्याचा त्रास असल्यास हिसके देणारे पाळणे टाळावेत. खुर्चीचा संकोच नको. लांबचे अंतर तिच्यावर कापले, तर उरलेली ताकद नातवंडांसोबत फिरायला कामी येते.