पडत्या भावाच्या काळातील खनिजे

म्हसवडच्या शिवारात रात्रीची वीज आली म्हणून विहिरीवरची मोटार चालू करावयास निघालेल्या शेतकऱ्याच्या हाती जी विजेरी असते, तिच्यातील जुन्या घडणीचा सेल फोडून पाहिला, तर जस्ताच्या नळकांड्यात मधोमध कर्बाची कांडी आणि तिच्याभोवती ओलसर काळी भुकटी गच्च भरलेली आढळते. ही भुकटी मुख्यतः मँगेनीज डायऑक्साइडची. जस्ताने सोडलेले इलेक्ट्रॉन दिव्यातून फिरून आले की त्यांचा स्वीकार ती करते, आणि दिवा पेटतो.

हे मँगेनीज आपल्याच राज्यात, भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, डोंगरी बुजुर्ग येथील उघड्या खाणीत निघते. ही खाण चालविणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीने तेथेच शुद्धीकरणाचा एक छोटेखानी कारखानाही घातला आहे. धातुक भाजून अम्लात विरघळवावयाचे, लोहादी अशुद्ध द्रव्ये वेगळी करावयाची आणि उरलेल्या द्रावणातून वीज खेळवावयाची. मग धनाग्रावर शुद्ध डायऑक्साइडचा जो थर साचतो, तो खरवडून दळला म्हणजे बॅटरीच्या प्रतीचा माल हाती येतो. खनिज भूगर्भातून वर काढणे हे निम्मेही काम नव्हे. त्याचे खरे मोल या शुद्धीकरणाच्या विद्येत आहे, आणि लिथियम, निकेल, कोबाल्ट यांनाही हाच न्याय लागू पडतो.

लिथियम कार्बोनेटचा भाव 2022 च्या अखेरीस चीनच्या बाजारात टनास सुमारे 6 लाख युआनपर्यंत चढला होता. 2024 मध्ये तो 1 लाखाच्या खाली उतरला. चढ्या भावाच्या भरात खाणी आणि कारखाने भराभर वाढले, विजेवरच्या गाड्यांची मागणी मात्र अपेक्षेच्या वेगाने वाढली नाही. स्वस्ताई ग्राहकास सुखाची असली, तरी या धंद्यात नव्याने उतरू पाहणाऱ्यांचा तिने प्राण घेतला. निकेलचे भाव कोसळल्यामुळे ऑस्ट्रेलियातील एका बलाढ्य कंपनीने आपला निकेलचा व्यवसाय 2024 मध्ये तहकूब केला, आणि युरोपची मोठी आशा ठरलेल्या स्वीडनच्या नॉर्थव्होल्ट या बॅटरी कंपनीने मार्च 2025 मध्ये दिवाळे जाहीर केले. आपल्याकडे जम्मूतील रियासी येथे 59 लाख टनांच्या लिथियम-धातुकसाठ्याचे अनुमान 2023 मध्ये जाहीर झाले खरे. पण पुरेसे बोलीदारच पुढे न आल्याने त्याचा लिलाव रद्द करावा लागला.

अशा पडत्या काळात सरकारने काय करावे, याचा पाठ म्हसवडच्या परिसराने, म्हणजे माणदेशाने, फार पूर्वी गिरविलेला आहे. 1876-77 च्या भीषण दुष्काळात सरकारदरबारी मदतीचे तीन मार्ग माहीत होते: शेतसाऱ्याची तहकुबी किंवा सूट, तगाई म्हणजे शेतीसाठी सरकारी कर्ज, आणि दुष्काळी काम. पहिल्या दोहोंनी रयतेस तेवढ्या वर्षापुरता श्वास घेता येई. परंतु तिसऱ्या मार्गाने हाती घेतलेला, माण नदीवरील राजेवाडीचा विस्तीर्ण तलाव, ज्यास म्हसवड तलाव असेही म्हणत आले आहेत, तो आजही सातारा-सांगलीच्या शिवेवर उभा आहे. सांगली जिल्ह्यातील विसापूरचे वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर राबविली गेली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. त्या योजनेचाही आग्रह हाच होता की मजुरी द्यावयाची ती उत्पादक कामावर, म्हणजे पाझर तलाव, बांधबंदिस्ती, विहिरी यांवर.

खर्चामागे टिकाऊ काही उरते का, ही कसोटी आजच्या खनिजधोरणास लावून पाहावी असे मला मनापासून वाटते. भाव पडला म्हणून तुटीची नुसती भरपाई करणे ही सारासूट होय. ती कधी आवश्यक असेल. पण खजिन्यातून एकदा वाहून गेलेला पैसा मागे काहीच ठेवीत नाही. ऑस्ट्रेलियाने 2025 मध्ये जो कायदा केला, त्यात ही जाण दिसते: करसवलत खाणीस नाही, तर देशात खनिज शुद्ध करणाऱ्या कारखान्यास आहे, आणि तीही प्रक्रियेच्या खर्चाच्या 10 टक्के.

आपल्या केंद्र सरकारने जानेवारी 2025 मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनसाठी 16,300 कोटी रुपयांची तजवीज आहे, आणि सार्वजनिक उपक्रमांनी आणखी 18,000 कोटी घालावेत अशी अपेक्षा आहे. टाकाऊ बॅटऱ्यांतून हेच धातू परत मिळविणाऱ्यांसाठी त्याच वर्षी 1,500 कोटींची वेगळी योजनाही मंजूर झाली. तिच्यात यंत्रसामग्रीच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सरकार देते. मला हाच भाग सर्वांत आशादायक वाटतो, कारण मोडीत निघालेली बॅटरी ही मुळी भाडेपट्टा-लिलावाच्या कटकटीविना हाती आलेली खाण आहे.

मात्र 2023 मध्ये केंद्राने ज्या 30 क्रिटिकल खनिजांची यादी प्रसिद्ध केली, तीत मँगेनीज नाही. ते देशातच सापडते, हे त्याचे कारण असावे. परंतु लिथियम-आयन बॅटरीच्या धनाग्रासाठी लागणारे अतिशुद्ध मँगेनीज सल्फेट जगास बहुतांश चीनकडूनच मिळते. डोंगरी बुजुर्गच्या धातुकापासून ते करणारा मोठा कारखाना विदर्भातच उभारावयास कित्येक वर्षे लागतील. म्हणून त्याची मंजुरी आणि भांडवलाची तरतूद मंदी ओसरण्याची वाट न पाहता आताच व्हावयास हवी.