अरे, आवाज कुणाचा?

एकांकिका स्पर्धेत हा प्रश्न आला की अख्खं कॉलेज घसा ताणून उत्तर देतं. पण हाच प्रश्न शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये, बंद काचांच्या गाडीत पडला तर?

दुपारची वेळ. डोंबिवलीहून नवी मुंबईला निघालात. काटई नाका गेला, पलावा गेलं आणि फाट्याच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. पुढे मुंब्रा बायपासकडे वळणाऱ्या कंटेनरची रांग. गाडी बाबांची, आठ-नऊ वर्षं जुनी. आणि एसीतून अचानक घर्रर्र...

अशा वेळी आपण काय करतो? गाण्याचा आवाज वाढवतो! मग कधीतरी गाडी गॅरेजला जाते. तिथे कुणी म्हणतं, ‘गॅस भरून टाकू’, कुणी म्हणतं, ‘कॉम्प्रेसर गेला’. कॉम्प्रेसर बदलायचा म्हणजे हजारोंचं बिल. ते भरणार बाबा. म्हणून गॅरेजला जाण्याआधी पाच मिनिटं द्या. आवाज नेमका कधी येतो, हे कळलं की निम्मं काम झालं.

गाडी मोकळ्या जागेत उभी करा. न्यूट्रल, हँडब्रेक. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून हा प्रयोग नको, धुराने जीव गुदमरेल.

पहिली पायरी : इंजिन बंद, फक्त चावी ‘ऑन’. (बटणवाली गाडी असेल तर ब्रेक-क्लच न दाबता बटण दाबा.) आता ब्लोअर एकपासून चारपर्यंत न्या. खडखड किंवा फडफड येतेय आणि स्पीडबरोबर वाढतेय? मग कॉम्प्रेसर बिचारा निर्दोष आहे, कारण तो इंजिनशिवाय फिरतच नाही. दोष ब्लोअरचा. बऱ्याचदा आत वाळलेलं पान अडकलेलं असतं, नाहीतर एसी फिल्टर धुळीने गच्च भरलेला असतो. कल्याण-शीळ रस्त्याची धूळ तुम्हाला वेगळी सांगायला नको. अनेक गाड्यांत हा फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि काही शे रुपयांत बदलून होतो. डॅशबोर्डच्या आतून नुसतंच टकटक येत असेल, तर हवेची दिशा बदलणाऱ्या झडपेची छोटी मोटर बघायला सांगा.

दुसरी पायरी : इंजिन चालू, एसी आणि ब्लोअर दोन्ही बंद. तरीही बॉनेटखालून घरघर येतेय? कॉम्प्रेसरची पुली एसी बंद असतानाही बेल्टबरोबर फिरत असते. तिचं बेअरिंग झिजलं असेल. चिरका ‘चीं’ असा आवाज असेल, तर बेल्ट सैल झालाय किंवा झिजलाय. दोन्ही कामं पूर्ण कॉम्प्रेसर बदलण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त.

तिसरी पायरी : आता एसी लावा, ब्लोअर अगदी कमी. एकदा ‘टक्’ झालं तर घाबरू नका, तो क्लच जोडला गेल्याचा आवाज. पुढून ‘हूंऽऽ’ येतं ते पंख्याचं. एसी बंद केल्यावर क्षणभर ‘फुस्स’ होणंही नॉर्मल. पण एसी लावल्यावरच खरखर सुरू होते आणि बंद केल्यावर थांबते, असं असेल तर मात्र संशय कॉम्प्रेसरवर किंवा त्याच्या क्लचवर. मग टाळाटाळ नको.

हे सगळं बाहेर उभं राहून ऐकायचं, बॉनेटखाली हात घालायचा नाही. ओढणी, केस, इअरफोनची वायर लांब ठेवा. पंखा न सांगता सुरू होतो!

एक परीक्षा मात्र शीळफाटाच घेतो. गाडी पळतेय तोवर गारवा, थांबली की गरम हवा? पळत्या गाडीत समोरच्या कंडेन्सरला वारा आपोआप मिळतो. ट्रॅफिकमध्ये सगळी भिस्त पंख्यावर. म्हणून पहिला संशय पंख्यावर आणि धुळीने बुजलेल्या कंडेन्सरवर घ्या. इंजिनचा काटाही वर चढत असेल, तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्या.

आता त्या गॅसबद्दल. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. वर्षानुवर्षांत थोडा पाझरतो, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. कॉम्प्रेसरचं तेलही याच गॅसबरोबर फिरतं. गॅस गळाला की तेल नीट पोचत नाही, कॉम्प्रेसर कोरडा घासतो आणि खरखरायला लागतो. गळती न शोधता वरचेवर गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. शिवाय अनेक गाड्यांतला ‘आर-१३४ए’ गॅस हवेत गेला, तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता अडवतो. गॅस जास्त भरला तरी कॉम्प्रेसरवर ताण येतोच. किती ग्रॅम हवा, हे बहुतेक गाड्यांच्या बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. नळ्या स्वतः मात्र उघडू नका, दाबाखालचा गॅस त्वचा गोठवतो.

तेव्हा गॅरेजमध्ये ‘एसी आवाज करतोय’ एवढंच सांगू नका. ‘इंजिन बंद असताना येत नाही, एसी लावल्यावरच येतो’ असं सांगा. मग विचारा : लीक टेस्ट केली का? गेजवर प्रेशर किती आलं? जुना पार्ट दाखवाल का? चांगला मेकॅनिक अशा प्रश्नांनी चिडत नाही, उलट खूश होतो. आणि चिडलाच, तर पुढच्या गॅरेजकडे गाडी वळवायला तुम्ही मोकळे.

शीळफाट्यावर पुन्हा अडकालच. तेव्हा गाणं दोन मिनिटं बंद करा, आणि ऐका.