तीन बोटांची परीक्षा

मोर्शीच्या पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून खर्रा होतो. यात घातक काय, असे वर्गात विचारा. ‘तंबाखू!’ हे उत्तर बरोबर, पण अपुरे आहे. तंबाखूतील नायट्रोसामाइन्स पेशींच्या डीएनएला इजा करतात. सुपारीतील अरेकोलिनमुळे गालाच्या अस्तराखाली कोलॅजनचे तंतू साचतात. तिखट झोंबते, गाल ताठरतो, तोंड पुरेसे उघडत नाही. अशा तोंडात पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला.

आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात घालून पाहा. जात नसतील, किंवा तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नसेल, तर दंतवैद्याला दाखवा. विद्यार्थ्यांनाही ही परीक्षा शिकवा.